चार कोपऱ्यांची तक्रार

ज्या दिवशी तराजूसाहेबांनी स्वतःच्या बायकोची वेबसाइट धोकादायक असल्याची तक्रार स्वतःच्या हाताने केली, त्या दिवशी त्यांचं डोकं अगदी ठिकाणावर होतं. नवराबायकोत भांडण झालेलं नव्हतं. सकाळचा चहा वेळेवर मिळाला होता आणि तो बेताचा गोडही होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे इमारतीत या गोष्टीच्या सतरा आवृत्त्या निघाल्या आणि त्यातल्या सोळांची सुरुवात चहावरच्या भांडणाने होते.

तराजूसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. सत्तावीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढल्यावर माणसाचं खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरतं. दुकानदारांचे काटे तपासायचे, बरोबर भरले तर शिक्का मारायचा, नाही भरले तर सील ठोकायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना एक किलोचं पितळी वजन भेट दिलं होतं, त्या वर्षीचा ताजा शिक्का मारलेलं. ते वजन टीव्हीच्या शेजारी असे. दर रविवारी बायको ते घासूनपुसून लख्ख करी आणि दर सोमवारी साहेब ते पिशवीत घालून फिरायला निघत. त्यांच्या वयाची माणसं हातात काठी घेतात. साहेब वजन घेत, आणि वाटेतल्या दुकानांत शिरून काट्यावर ठेवून बघत.

संशयी म्हटलेलं त्यांना आवडत नसे. ते म्हणत, "विश्वास ठेवायला अक्कल लागत नाही, तपासायला लागते." या अकलेचं फळ म्हणजे इमारतीच्या फळ्यावर डकवलेली त्यांची यादी. 'खालील दुकानांतून माल घेऊ नये,' असं वर लाल शाईत, आणि खाली गल्लीतली चारही दुकानं. वर्षापूर्वी एका सोमवारी त्यांनी आपलं वजन कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवलं, तर काट्याने दाखवले नऊशे चौऱ्याऐंशी ग्रॅम.

किराणावाले हात जोडून म्हणाले, "साहेब, काटा कमी दाखवतोय म्हणजे मी गिऱ्हाइकाला किलोमागे सोळा ग्रॅम जास्तच देतोय की! नुकसान माझं."

"तेच तर," साहेब म्हणाले. "कोण कुणाला फुकट सोळा ग्रॅम देतं? यात काहीतरी डाव आहे."

"काट्यावर ऑफिसचा शिक्का आहे हो, याच वर्षीचा."

"शिक्का मारणाऱ्यांना मी चांगला ओळखतो. सत्तावीस वर्षं मीच होतो."

मग ते पुढच्या दुकानात गेले. तिथेही नऊशे चौऱ्याऐंशी. तिसऱ्यात तेच, चौथ्यात तेच. चार दुकानदार, चार काटे आणि चूक मात्र एकाच मापाची! याला साहेबांच्या खात्यात संगनमत म्हणतात. संध्याकाळच्या आत यादी फळ्यावर लागली आणि इमारतीतले लोक पलीकडच्या रस्त्यावरच्या मोठ्या दुकानात जायला लागले. त्या दुकानाच्या दारावरचा पहारेकरी पितळी वजन आत नेऊ देत नसे, त्यामुळे ते दुकान कधी यादीत आलंच नाही.

असो. मूळ गोष्ट वेबसाइटची.

साहेबांची बायको विणकामात वाकबगार. चाळीस वर्षं तिने स्वेटर, टोप्या, हातमोजे यांचे नमुने स्वतः बसवले होते. ते नमुने मैत्रिणींनी उतरवून घेतले, मैत्रिणींच्या मैत्रिणींनी उतरवून घेतले, आणि एकदा तर कुणीतरी तिलाच तिचा नमुना 'माझ्या वहिनीचा आहे हो' म्हणून शिकवला. त्याच दिवशी वाचनालयात ज्येष्ठांसाठी चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या वर्गाला तिने नाव घातलं. सात महिन्यांत तिने आपली वेबसाइट उभी केली. एकशे बारा नमुने, प्रत्येकाचा टाक्यांचा तक्ता, आणि प्रत्येकाखाली तिचं नाव. एका लोकर कंपनीला ती साइट दिसली. कंपनीच्या डिझाइनवाल्या मॅडमनी फोन करून सांगितलं की नमुन्यांचं पुस्तक काढायचा विचार आहे, या शुक्रवारी अकरा वाजता सगळे मिळून साइट बघू आणि पसंत पडली तर पुस्तकावर नाव तुमचंच घालू. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ हातातली सुई नुसतीच फिरवत बसली होती.

हे झालं रविवारी. आणि त्याच रविवारी जिन्यात वरच्या मजल्यावरचे विमावाले भेटले.

विमावाले म्हणजे विमा विकण्यात आयुष्य गेलेले गृहस्थ. त्यांना प्रत्येक गोष्टीत धोका दिसतो आणि प्रत्येक धोक्यात समाधान वाटतं. ते सांगू लागले, की कुठलीशी साइट उघडायला गेलो तर अख्खा पडदा लाल झाला आणि वर लिहून आलं, 'सावधान! ही साइट धोकादायक असू शकते.'

"बघा, आपली काळजी घेणारं कुणीतरी आहे," विमावाले भारावून म्हणाले.

"कोण?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे?"

"धोकादायक आहे हे ठरवलं कुणी? तपासलं कुणी? तपासलं त्याला तपासतं कोण? आणि 'असू शकते' म्हणजे काय? 'हा काटा चुकीचा असू शकतो' असं मी शेऱ्यात लिहिलं असतं तर वरच्या साहेबांनी मलाच सील ठोकलं असतं."

आवाज ऐकून इमारतीच्या सेक्रेटरीबाई बाहेर आल्या. चष्मा साखळीला आणि मत जिभेच्या टोकाला, अशा त्या असतात. विमावाल्यांचं म्हणणं पडलं की यादी ब्राउझरच्या कंपनीकडेच असावी, त्यांना कळतं. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, कंपनीच्या हातात कशी द्यायची, उद्या ती प्रतिस्पर्ध्यांनाच लाल करेल, सरकारकडे द्या. सरकार म्हटल्यावर सत्तावीस वर्षं सरकारात असलेले साहेब गालात हसले. मग सेक्रेटरीबाईंनी कमिटी नेमा असं सुचवलं. त्या कुठल्याही प्रश्नावर हेच सुचवतात.

साहेबांनी आपलं मत मांडलं. त्यांच्या खात्यातली वजनं दर वर्षी वरच्या ऑफिसातल्या वजनांशी ताडून बघत, ती त्याच्याही वरच्या वजनांशी, आणि अशी ती साखळी कुठेतरी काचेखाली कुलपात ठेवलेल्या एका वजनापर्यंत जाई. "यादी कुणाच्याही हातात द्या," ते म्हणाले, "पण ज्याचं स्वतःचं वजन दर वर्षी तपासलं जातं, त्याच्याच!" हे बोलताना त्यांच्या घरी टीव्हीशेजारी आठ वर्षांपूर्वीचा शिक्का असलेलं वजन होतं, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या तर नाहीच नाही.

यादी राखणारे खरोखर तपासतात की नाही, हे बघायची एक शास्त्रशुद्ध रीत साहेबांना ठाऊक होती. काटा खरा की खोटा हे कळायला त्यावर खोटं वजन ठेवून चालत नाही. खात्रीचं, खरं वजनच ठेवावं लागतं. मग काटा काय दाखवतो ते बघायचं. विमावाल्यांनी दाखवलेल्या लाल पानाच्या तळाशी 'साइटची तक्रार करा' अशी बारीक अक्षरांतली सोय होती. म्हणजे काटा समोर होता. आता प्रश्न खऱ्या वजनाचा. साहेबांनी खूप विचार केला. जगातल्या इतक्या साइटींमध्ये शंभर टक्के खरी, टाक्याटाक्याला तपासलेली, त्यांनी स्वतः डोळ्यांत तेल घालून वाचलेली अशी साइट एकच होती.

त्यांनी बायकोच्या साइटचा पत्ता टाकला. कारण विचारलं होतं. 'माहिती चोरते', 'घातक प्रोग्राम' आणि 'फसवणूक' यांपैकी एक निवडणं भाग होतं. साहेबांनी त्यातल्या त्यात सौम्य म्हणून 'फसवणूक' निवडलं, शेऱ्यात प्रामाणिकपणे 'चाचणी' असं लिहिलं आणि सवयीने खाली 'निरीक्षक (निवृत्त)' अशी सही ठोकली. आता ते लोक साइट बघतील, काही सापडणार नाही, तसं कळवतील, आणि यादी भरवशाची आहे हे सिद्ध होईल, असा हिशेब.

एवढ्यावर थांबते तर ते तराजूसाहेब कसले! काटा कधी नुसता मधोमध वजन ठेवून तपासत नाहीत. चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून बघावं लागतं, कारण लबाड काटा मधे बरोबर असतो आणि कोपऱ्यात खातो. तेव्हा साहेबांनी दुसरी तक्रार विमावाल्यांच्या फोनवरून केली, 'जरा एक काम आहे' म्हणून. तिसरी सेक्रेटरीबाईंच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून, फळ्यावरची यादी टाइप करण्याच्या निमित्ताने. आणि चौथी वाचनालयातून, ज्या कॉम्प्युटरवर बसून बायकोने ती साइट बनवली होती त्यावरूनच. चारही तक्रारींत कारण 'फसवणूक', शेरा 'चाचणी' आणि सही.

मंगळवारी सकाळी बायकोने साइट उघडली आणि स्वयंपाकघरापर्यंत जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "अहो, इकडे या."

पडदा लाल होता. 'सावधान! ही साइट धोकादायक असू शकते.'

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. खरं वजन ठेवलं होतं आणि काटा बेधडक खोटं बोलला होता. निरीक्षक म्हणून त्यांना विजयाचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण जेमतेम दोन सेकंद. तिसऱ्या सेकंदाला त्यांनी बायकोचा चेहरा बघितला.

"कुणी केलं असेल हो हे?" तिने विचारलं.

"काय सांगावं, हल्ली कुणाचा भरवसा नाही," साहेब म्हणाले. हे वाक्य ते आयुष्यभर म्हणत आले होते, पण या वेळी ते म्हणताना त्यांनी बायकोकडे बघितलं नाही.

दुपारपर्यंत बातमी इमारतभर झाली. विणकामाच्या गटातल्या एका बाईने फोन करून विचारलं की मागच्या आठवड्यात मी तुमचा मफलर उघडला होता, तर माझ्या बँकेला काही होणार नाही ना? दुसरीने टोपीचा नमुना छापून ठेवला होता, तिने तो कागद जाळला. सेक्रेटरीबाईंनी इमारतीच्या ग्रुपवरून साइटचा दुवा काढून टाकला, "माझा तुमच्यावर विश्वास आहे हो काकू, पण पदावर आहे मी." विमावाले तर मुद्दाम खाली आले.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "पण आग असल्याशिवाय धूर निघत नाही. उगाच कशाला कोण कुणाला यादीत टाकेल?"

"स्वेटरात काय आग असणार?" साहेब कडाडले.

"ते आपल्याला कसं कळणार? ज्यांनी तपासलं त्यांना माहीत." आणि खिशातून ज्या फोनवरून दुसरी तक्रार गेली होती तोच फोन काढून ते म्हणाले, "मी तर हा आतून बाहेरून पुसून घेतला."

साहेबांनी मग यादीचा मालक शोधायला सुरुवात केली. ब्राउझरच्या कंपनीने कळवलं की यादी आमची नाही, आम्ही ती एका संस्थेकडून घेतो. संस्थेने कळवलं की आम्ही फक्त यादी पुरवतो, अडवायचं की नाही हे ब्राउझर ठरवतो. इंटरनेटवाल्यांकडून फोनवर बोलणाऱ्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "तुमचं नेट चालू आहे ना सर? मग आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?" शेवटी साहेब पिशवी घेऊन सरकारी तक्रार कक्षात गेले. तिथला अधिकारी त्यांच्यासारखाच होता, चष्म्यावरून बघणारा.

"तक्रार कुणाविरुद्ध?"

"यादी करणाऱ्यांविरुद्ध."

"यादीत नाव कुणाच्या तक्रारीवरून आलं? तो माणूस कोण? आधी त्याला धरू. खोटी तक्रार करणं गुन्हा आहे, साहेब."

साहेबांना अचानक आठवलं की घरी दूध उतू जात असेल, आणि ते उठले.

राहता राहिला फेरतपासणीचा अर्ज. तो फक्त साइटच्या मालकाला भरता येत होता, म्हणून बायको भरायला बसली आणि साहेब मागे उभे राहिले. त्यात एक रकाना होता: 'आढळलेला दोष कोणता? तो कसा दूर केलात?' रिकामा सोडला तर अर्ज पुढे सरकेना. 'दोष नाही' असं लिहिलं तर उत्तर आलं, 'कृपया दोषाचे वर्णन करा.'

"म्हणजे दोष असणारच, असं धरूनच चाललेत हे," साहेब संतापले. "काय चुकलं ते सांगायचं नाही, आणि दुरुस्त करून दाखवा म्हणायचं! ही कुठली रीत?"

बायको सावकाश म्हणाली, "किराणावाले असंच म्हणत होते मागे."

"त्यांचं वेगळं आहे," साहेब म्हणाले. "तिथे मी होतो."

मग तिने जे केलं ते बघून साहेबांना भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती खरोखरच दोष शोधायला बसली. मंगळवारची संध्याकाळ आणि बुधवारचा अख्खा दिवस, पहिल्या नमुन्यापासून. सुया हातात घेऊन एकेका तक्त्याचा अवघड भाग तेवढा विणून बघायचा, उसवायचा, पुढचा घ्यायचा. "माझंच काहीतरी चुकलं असेल," ती म्हणाली, "उगाच कोण कशाला असं लिहील?" साहेबांनी तीनदा तोंड उघडलं. एकदा जांभई दिली, एकदा खोकले, आणि एकदा चहा हवा का विचारलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. दारावर कुणी वाजवलं तरी साहेब दचकत होते.

बुधवारी संध्याकाळी तिला सापडलं. सत्त्याऐंशीव्या नमुन्यात, डाव्या हातमोज्याच्या अंगठ्यात, दोन टाके कमी होते. तिने तक्ता दुरुस्त केला आणि रकान्यात लिहिलं: 'डाव्या हातमोज्याच्या अंगठ्यात दोन टाके कमी होते. वाढवले आहेत. ज्यांना घट्ट झाला असेल त्यांची क्षमा मागते.'

अर्ज गेला. गुरुवारी दुपारी उत्तर आलं. फेरतपासणीला पाच दिवस लागतील, तोवर तक्रारींचा तपशील मालकाच्या माहितीसाठी सोबत जोडला आहे. बायकोने चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"तक्रार पहिली. कारण, फसवणूक. शेरा, चाचणी. निरीक्षक, कंसात निवृत्त."

साहेब पेपर वाचत होते. तो त्यांच्या हातात उलटा होता.

"तक्रार दुसरी. फसवणूक. चाचणी. निरीक्षक, निवृत्त. तक्रार तिसरी..." तिने चारही वाचल्या, एक शब्द न गाळता. मग विचारलं, "चार कशाला?"

"चारही कोपऱ्यांवर बघावं लागतं," साहेब पेपरच्या आडून म्हणाले.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दोन दिवस मी उसवत बसले होते आणि तुम्ही मला चहा हवा का विचारत होतात." मग लोकरीचा गुंडा नीट गुंडाळून टोपलीत ठेवला आणि म्हणाली, "उद्या अकरा वाजता मॅडमशी तुम्ही बोलायचं. सहीसकट."

शुक्रवारी अकराला फोन वाजला तेव्हा विमावाले आणि सेक्रेटरीबाई 'धीर द्यायला' म्हणून आधीच येऊन बसले होते. साहेबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बायकोने फोन मोठ्या आवाजावर ठेवला आणि तो त्यांच्यापुढे सरकवला.

मॅडम म्हणाल्या, "काकू, जरा अडचण आहे. आमच्या ऑफिसचा कॉम्प्युटर तुमची साइट उघडूच देत नाही. धोकादायक म्हणतोय. मला वाटतं आपण हा विषय—"

"मॅडम, मी यांचा नवरा," साहेब उठून उभे राहिले. वरिष्ठांशी ते फोनवरही उभे राहूनच बोलत. "निवृत्त वजनमापे निरीक्षक. ती तक्रार मी केली आहे. चार वेळा."

विमावाल्यांच्या हातातला कप बशीवर वाजला.

"घरात पटत नाही का तुमचं?" मॅडमनी विचारलं.

"पटतं हो! पटतं म्हणूनच केली," साहेब काकुळतीला येऊन म्हणाले. "यादी खरी की खोटी ते बघायचं होतं. त्याला एक वस्तू लागते, जिच्या खरेपणाबद्दल तिळमात्र शंका नसेल अशी. मी सगळीकडे शोधलं. मला दुसरी मिळाली नाही."

बायको खिडकीकडे वळून उगाचच पडद्याची दोरी सारखी करायला लागली.

"हे कशावरून खरं?" मॅडमचा आवाज अजून सावध होता. "कुणीही म्हणेल, तक्रार माझ्या नवऱ्याने केली."

आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांना दुसऱ्याचा संशय भेटला होता, आणि तो अगदी त्यांच्याच मापाचा होता. त्यांनी चारही तक्रारी वाचून दाखवल्या. कुठल्या कोपऱ्यावरून कुठली केली तेही सांगितलं. "विमावाल्यांच्या फोनवरून?" सेक्रेटरीबाई किंचाळल्या. "आणि तुमच्या ऑफिसातून," साहेब म्हणाले.

मॅडम हसू दाबत असाव्यात. "अशी सबब मी आजवर ऐकली नाही, म्हणजे खरीच असणार. थांबा, मी माझ्या फोनवर बघते. खाली 'तरीही पुढे जा' असं लिहिलंय. जाते. यादीला काय विचारायचं, डोळे आहेत मला."

त्या पुढे गेल्या. एक नमुना, दुसरा नमुना, असे बरेच. "काकू," त्या म्हणाल्या, "हा सत्त्याऐंशीवा, हातमोज्याचा. अंगठा इतका बरोबर बसवलेला मी कधी पाहिला नाही." पुस्तक ठरलं. चौदा नमुने, मुखपृष्ठावर तिचं नाव. तिने "बरं" एवढंच म्हटलं आणि डोळ्यांना पदर लावला. साहेबांचेही डोळे भरून आले होते, पण त्यांना मधे बोलायची परवानगी उरली नव्हती.

पुढच्या मंगळवारी लाल पान गेलं. संस्थेचा निरोप आला: 'दोष दूर केल्याबद्दल धन्यवाद. आपली साइट आता सुरक्षित आहे.' साहेब उसळून म्हणणार होते की दोष नव्हताच, पण बायको त्यांच्याकडे बघत होती.

"आता दुसरी यादी," ती म्हणाली.

"कुठली?"

"खालच्या फळ्यावरची. वजन घ्या आणि चला."

किराणावाले दुकानात एकटेच होते. गिऱ्हाईक नव्हतं. साहेबांनी वजन काट्यावर ठेवलं. नऊशे चौऱ्याऐंशी. मग किराणावाल्यांनी खालच्या कप्प्यातून एक नवंकोरं वजन काढलं, याच महिन्याच्या शिक्क्याचं, आणि ते ठेवलं. एक हजार. बरोब्बर. साहेबांनी ते चारही कोपऱ्यांवर ठेवून बघितलं. चारही कोपऱ्यांवर एक हजार.

त्यांनी आपलं वजन हातात घेतलं आणि आठ वर्षांत पहिल्यांदा ते उलटं केलं. तळाशी खड्डा असतो. वजन काटेकोर भरावं म्हणून त्यात शिसं ओततात आणि त्यावर शिक्का मारतात. खड्डा रिकामा होता. आतून तोही लख्ख घासलेला होता.

"ती गोळी?" बायको म्हणाली. "ती मागच्या वर्षी घासताना निघाली. बटणांच्या डब्यात ठेवलीय मी. तुम्हाला विचारलं होतं, ही कसली गोळी हो? तुम्ही म्हणालात, माझ्या वजनातलं तुला काय कळतं."

किराणावाल्यांनी साहेबांना बसायला स्टूल दिलं. त्या क्षणी एखादा टाकून बोलला असता तर साहेबांना ते चाललं असतं. स्टूल मात्र फार लागलं. "वर्षभर तुमच्यावर..." साहेब म्हणू लागले. "असू द्या साहेब," किराणावाले म्हणाले. "फक्त ते सोळा ग्रॅम मी कधी कुणाला जादा दिले नव्हते हो. फुकटचं श्रेय नको."

यादी खाली आली. तिच्या जागी साहेबांनी स्वच्छ अक्षरात नवा कागद लावला: 'याच फळ्यावरील आधीची यादी रद्द. दुकानांचे काटे बरोबर आहेत. तपासणाऱ्याचे वजन सोळा ग्रॅम कमी होते.' आणि खाली सही, निरीक्षक (निवृत्त). आठवडा गेला. दुकानात कुणी फिरकेना. साहेबांनी विमावाल्यांना जिन्यात गाठलं.

"वाचलं मी," विमावाले खाजगी आवाजात म्हणाले. "पण वर्षभर यादीत होता ना तो? काहीतरी असल्याशिवाय..."

साहेबांना विमावाल्यांचा फार राग आला, आणि मग त्यांना तो राग ओळखीचा वाटला. आता एकच उपाय होता. त्यांनी स्वतः जायचं ठरवलं. दररोज सकाळी, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळी, ते किराणावाल्याच्या दुकानापुढे जाऊन उभे राहू लागले. कधी साबण, कधी काड्यापेटी, कधी नुसताच शिळोप्याच्या गप्पांचा बहाणा. पिशवीत वजन नव्हतं, ते घरी होतं, आणि खड्ड्यातली गोळी अजून बटणांच्या डब्यात. तास दीड तास ते उभे राहत, येणाऱ्याजाणाऱ्याला मान लववत, की बघा, मी इथूनच घेतो.

पाचव्या दिवशी किराणावाले दुकानाबाहेर आले. त्यांनी हात जोडले.

"साहेब, दोन दुकानं सोडून जे डाळवाले आहेत ना, त्यांचं सुरळीत चालू झालं. तिसऱ्याचंही चालू झालं. माझ्याकडेच कुणी येत नाही. आज एका बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, तुमच्याकडे काहीतरी मोठी गडबड असणार, तराजूसाहेब रोज पहाऱ्याला उभे असतात."

साहेब हातातला साबण घेऊन उभेच राहिले.

"फार उपकार होतील," किराणावाले म्हणाले. "उद्यापासून काकूंना पाठवा."